सूर्यभान भाऊजींचा हप्ता

श्री नरसिंह प्रसन्न. आज शनिवार. पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन झालं. ही वही खोटं लिहायला नाही, म्हणून सगळंच लिहिते.

सूर्यभान भाऊजी माझे धाकटे दीर. भरल्या पैशाचा कण वाया जाऊ देणार नाहीत. एकदा एसटीचं तिकीट चुकून पूर्णेचं काढलं. काम अलीकडच्या ताडकळसला होतं, तरी पूर्णेपर्यंत बसून गेले आणि चालत परत आले.

अशा माणसानं पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकून परभणीच्या एका डॉक्टरची जुनी फियाट घेतली. जाऊबाई सत्यशीलेचा नवस होता, यांना लायसन मिळू दे, शनिवारी ह्याच गाडीतून येऊन पोखर्णीला नारळ फोडीन.

विम्यासाठी बन्सीधर एजंट आला. "हात नवा हाय तुमचा, फुल विमा घ्या," म्हणाला.

"स्वस्तातलं सांगा," भाऊजी म्हणाले.

मग फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा ठरला. बन्सीधरनं बजावलं, "विम्याबिगर चाक फिरवू नका, पोलीस धरतील. एकच हप्ता भरा, मग बिनघोर!"

आमच्याकडं हप्ता म्हणजे आठवडा. भाऊजींनी तेच धरलं. कागद इंग्रजीत, तो देव्हाऱ्यात गेला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत भोंगा. "वैनी, बसा! हप्ता चालू हाय!" शेजारच्या चांगुणाबाई ताडकळसच्या बाजाराला गेल्या. त्यांची शेळीसुद्धा मागच्या सीटवर बसून पेडगावला जाऊन आली. मी रोज आरतीला गाडीतून. शनिवारी नेमका सत्यशीलेला कावळा शिवला, देवळात जाता येईना. आणि आठव्या दिवशी भाऊजींनी गाडीवर बारदाना टाकला.

"अन् माझा नवस?" सत्यशीलेनं विचारलं.

"पुढचा हप्ता कापूस विकल्यावर. वर्षाचे बावन्न हप्ते भरायला वावर विकू का?"

"शेळी फिरून आली अन् बायको घरी!"

तेव्हापासून बोलणं बंद. भाकरी तेवढी ताटात आपटायची.

शेवटी काल मीच बन्सीधरला चहाला बोलावलं. बारदाना बघून तो म्हणाला, "सूर्यभानराव, गाडी आजारी का?"

"हप्ता सरला."

"सरला कसा? वर्षाचा हाय तो!"

बशीतला चहा भाऊजींच्या धोतरावर. पण एजंट गेल्यावर गडी गालात हसायला लागला. "वैनी, हे गल्लीत बोलू नका. हप्ता सरला म्हणलं की फुकटे येत न्हाईत. पेट्रोल काय विम्यात मिळतं?"

सत्यशीला चुलीपासून उठून आली. आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "आमी गप बसायचं तर आमालाबी हप्ता लागंल."

"किती?"

"पैसे नगंत. दर हप्त्याला एक पोखर्णी. शनिवारी."

भाऊजींनी गाडीवरचा बारदाना ओढून काढला.

आता माझं. नरसिंहा, हप्ता वर्षाचा असतो हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ह्यांच्या आयुर्विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच जातो. पण सांगितलं असतं तर भाऊजींनी कुणालाच बसवलं नसतं, आणि आरतीला पाय तुडवत जावं लागलं असतं. आज नारळासोबत तुझी माफीही मागितली. परत गाडीतूनच आले.

सकाळी निघताना चांगुणाबाई दारात उभ्या होत्या, हातात शेळीचं दावं. "का गं, चालू झाला का हप्ता?"

सत्यशीलेनं काच वर केली आणि फटीतून म्हणाली, "हा देवाचा हाय, बाई. ह्यात शेळी बसत न्हाई."