शेपूट आत खोचलेली गाठ

१४ मार्च, मंगळवार. ऊन कडक. नळाला पाणी कमी. मागून घाण वास. खिडक्या लावून घेतल्या.

एवढं लिहून आजींनी वही मिटली, पण वास काही हटेना. शेवटी नाकाला रुमाल लावून त्या खाली उतरल्या.

खताच्या हौदापाशी गांडूळताई फावडं घेऊन उभी होती. हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलेलं, आणि तिनंही कौतुकानं मिरवलेलं. अकरा वर्षं साऱ्या बिऱ्हाडांचा ओला कचरा ती पिशव्यांतून सोडवून कुजवत होती. गेला आठवडा ती तापानं पडली आणि बदलीवाल्यानं पिशव्या तशाच हौदात ढकलल्या. आज चार वाजता नगरपालिकेचा तपासनीस येणार होता. हौद नासलेला दिसला की कुलूप. मग कचरा गावाबाहेरच्या ढिगावर आणि ताई घरी.

"शी! जनावर मेलंय का आत?"

"जनावर परवडलं, आजी. ही माणसांची करणी." तिनं एक पिशवी फाडली. काळा, चिकट लगदा बदकन खाली पडला. आजींनी रुमाल आणखी घट्ट दाबला.

"कुणाच्या घरची ही घाण?"

"गाठीवरून घर ओळखते मी. मास्तरांची ढिली, शिंपीणबाईंची एकेरी. त्या आपोआप सुटल्या, माल नीट कुजला. पण ही दुहेरी, वर शेपूट आत खोचलेलं. वारा शिरायची सोय नाही. आतल्या आत सडलं सगळं."

आजींनी गाठ पाहिली. ती त्यांचीच होती: कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी पार्सल बांधायला शिकवलेली, इतक्या वर्षांत एकदाही न चुकलेली. अशा सात पिशव्या होत्या.

"अकरा वर्षं बोलली का नाहीस गं?"

"एवढं नीटनेटकं बांधणाऱ्या बाईला काय सांगायचं? मी आपली सुईनं सोडवायची."

आजींना लगद्यापेक्षा स्वतःच्या टापटिपीची किळस आली. त्यांनी बाह्या सारल्या आणि सातही पिशव्या स्वतःच्या हातांनी रिकाम्या केल्या. मधे दोनदा ओकारी आली. ताई बाकीच्या सुटलेल्या पिशव्या वेचत, ओल शोषायला भुसा टाकत राहिली.

चार वाजता आलेल्या तपासनीसानं नाक मुरडलं, हौदात काठी खुपसली, प्लास्टिक लागतं का पाहिलं. लागलं नाही. "आठ दिवस देतो. तेव्हाही वास आला तर कुलूप."

संध्याकाळी आजींनी वही उघडली: हात तीनदा धुतले, वास गेला नाही. ओल्या कचऱ्याचा डबा आजपासून पिशवीशिवाय.