सुलोचना सिस्टर आणि झोपलेली बोटं

कॅज्युअल्टीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहाला बसलं की एकेक आपोआप बाहेर पडतो! रिसोडकडच्या आमच्या छोट्या सरकारी दवाखान्यातले निम्मे किस्से तर एकट्या सुलोचना सिस्टरचे.

माझा पहिलाच आठवडा. बैलगाडीवरून पडलेला एक जण आला. हात सुजलेला, जखम नाही, एक्स-रे क्लीन. मी ऐटीत म्हणालो, "फ्रॅक्चर नाही. गोळ्या घ्या, घरी जा."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, हाड शाबूत हाये. पण बोटं काहून झोपले?"

बोटांना स्पर्शच कळत नव्हता; आत रक्त साठून नस दाबली गेली होती! लगेच अकोल्याला पाठवलं, हात वाचला. तेव्हापासून सिस्टरनी बोटं तपासल्याशिवाय मार लागलेला माणूस आमच्याकडून घरी जात नाही.

*

तपासायची पद्धत त्यांची स्वतःची. पेशंटने डोळे मिटायचे, त्या कापूस लावणार, कोणतं बोट ते त्याने सांगायचं. रिठदचे एक गुरुजी फटाफट बरोबर सांगत होते. सिस्टरनी कापूस खाली ठेवला.

"गुरुजी, पोरायले कॉपी करू देत नाही, अन् तुमी डोळ्याच्या फटीतून पाहून राह्यले!"

*

शिरपूरच्या एका आजोबांनी मुका मार लागल्यावर हाताला दुपट्टा करकचून बांधला होता. घट्ट बांधलं की दुखणं थांबतं, हा आमच्याकडचा पक्का समज! बोटं निळी पडत चाललेली, गाठ सुटेना. सिस्टरनी सरळ कात्री लावली.

"अवं, नवा हाये!"

"आबा, दुपट्टा कारंजाच्या बाजारात भेटते. हात भेटते का?"

*

पण ज्याने आमची मान ताठ होते, तो किस्सा पोलीस भरतीचा. सराव करताना एका पोरीच्या पोटरीवर लोखंडी गोळा आदळला. बाहेर थेंबभर रक्त नाही, पण पोटरी दगडासारखी टणक, पायाचा अंगठा वर उचलेना. वडील म्हणाले, "दोन दिवस शेकून पाहतो."

सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दोन दिवसांनी पाय असन, पण तिले धावता येणार नाही!"

ॲम्ब्युलन्समध्ये त्या स्वतः बसल्या. वाटेतूनच अकोल्याच्या मोठ्या सर्जनला फोन लावला, "पेशंट येऊन राह्यली. टेबल रिकामं ठेवा!" ऑपरेशन वेळेत झालं.

दोन वर्षांनी वाशिमच्या चौकात एका महिला कॉन्स्टेबलने सिस्टरची स्कूटी अडवली. मागे मी बसलेलो.

"हेल्मेट काहून नाही, मावशी?"

सिस्टरनी तिचं तोंड निरखलं, नंतर पाय. मग म्हणाल्या, "हेल्मेटचं मंग पाहू. आधी धावून दाखव!"

पोरीने शिटी खिशात टाकली आणि भर चौकात, बुटांसकट, धावत सुटली.