पत्र्याच्या शेडातला राज्यशास्त्राचा तास

धर्माबादच्या तहसील कार्यालयात आम्हा प्राध्यापकांना निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण चालू होतं. मतदान यंत्र कसं जोडायचं ते एक साहेब दाखवत होते, तेवढ्यात उदगीरहून विमलचा फोन आला. विमल माझी कॉलेजातली मैत्रीण. "सुमन, कादरी सर गेले गं… चहा घेता घेता." मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलेल्या माणसाची बातमी मला मतदान यंत्रासमोर मिळावी, हे सरांना आवडलं असतं, असंच तेव्हा मनात आलं. आता काही आठवडे उलटलेत, आणि रडू ओसरल्यावर उरलाय तो अभिमान.

सर उदगीरचेच. घरात पिढ्यान् पिढ्या अत्तराचं दुकान; कॉलेजात शिकवायला लागलेले घरातले हे पहिलेच. बी.ए.ला राज्यशास्त्र घ्यायला मुली मिळत नसत, म्हणून सर सुट्टीत जुन्या स्कूटरवर खेडोपाडी फिरत. जळकोटजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा माझे वडील कडबा रचत होते. "राज्यशास्त्र शिकून पोरगी काय आमदार व्हायलीय का, सर?" वडिलांनी विचारलं. सर खाली बसत म्हणाले, "आमदार न्हाई झाली तरी चालंल, पाटील. आमदाराला सवाल तर करंल ना?" वडील हसले, आणि जूनमध्ये मी उदगीरच्या कॉलेजात होते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना भूकंप झाला. सुरुवातीला आम्ही भाकरी पोचवल्या, कपडे वाटले. पुढं लोक पत्र्याच्या शेडात राहायला लागले आणि नव्या गावाचा नकाशा ठरवायची वेळ आली, तेव्हा सर आमचा अख्खा वर्ग घेऊन औसा तालुक्यातल्या एका गावात गेले. पुस्तकात ग्रामसभेचा धडा होता. "हा धडा इथं बसून शिकू," एवढंच ते म्हणाले. दर रविवारी आम्ही शेडाशेडांतून फिरायचो, बायकांना सभेला यायला सांगायचो. त्या म्हणायच्या, "आमचं कोन ऐकतंय, बाई?"

सभेच्या दिवशी मोठी घरं पुढं सतरंजीवर आणि बायका मागं पत्र्याला टेकून. नकाशात पाण्याचा नळ मोठ्या जमिनीवाल्यांच्या आळीत होता. मजुरांची घरं पार ओढ्याच्या अंगाला. भूकंपात नवरा आणि सून गमावलेली गोदाबाई उठली. "आमी पानी कुठनं आनायचं?" पुढून कुणीतरी ओरडलं, "खाली बस, म्हातारे." ती बसली. आम्ही सगळे सरांकडं बघायला लागलो. सर गप्प. शेवटी माझी मीच उभी राहिले आणि म्हणाले, "ही ग्रामसभा हाय. त्यांनी सवाल केलाय, जवाब द्या." गोदाबाई परत उठली, तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. त्या दिवशी नकाशावरचा नळ सरकला, दोन्ही आळ्यांच्या मधोमध आला. प्रत्यक्षात पाणी यायला पुढं बराच काळ गेला, तो भाग वेगळा.

परतीच्या एस.टी.त मी सरांवर चिडले होते. "तुम्ही का बोलला नाहीत?"

"मी बोललो असतो तर नळ सरकला असता, बेटा," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पन पुढच्या सभेला त्या बाया मला हुडकत बसल्या असत्या."

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. गल्लोगल्ली पाट्या, सायकलींच्या रांगा. कॉलेजचे वर्ग ओस पडले. आमचा विभाग तर बंदच व्हायची वेळ आली. स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासवाल्यानं सरांना राज्यघटना शिकवायला बोलावलं. सर आनंदानं गेले आणि महिनाभरात परत आले. त्यांनी मुलांना विचारलं होतं, "चारी पर्याय चूक असतील तर काय कराल?" मुलं गोंधळली, मालक वैतागला. हा किस्सा सांगताना सर स्वतःच पोट धरून हसायचे. पण विभाग बंद होऊ दिला नाही. स्कूटर पुन्हा खेड्यांकडं वळली. त्या वर्षी आलेल्या मुलींतली एक पुढं सरपंच झाली, एक वकील. मी धर्माबादेत हाच विषय शिकवते.

मागच्या रविवारी उदगीरला सरांच्या पत्नीला, नसरीनचाचींना भेटायला गेले. सरांच्या बैठकीत आम्ही दोघी बोलत बसलो होतो. दारात मोहल्ल्यातली एक बाई येऊन घुटमळली. गल्लीतली नाली तुंबलेली, अर्ज करायचा होता, म्हणून सवयीनं सरांकडं आली होती. चाचींना बघून तिला एकदम आठवलं असावं. "चुकलं माझं… सर न्हाईत आता," म्हणत ती वळली.

चाचींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, सरांची खुर्ची पुढं ओढली.

"सर न्हाईत," त्या म्हणाल्या, "नगरपालिका तर हाय ना? बस."