मानेवरचा तीळ

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावाच्या मुख्य रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात काशिनाथ ओगले पंधरा वर्षं उभा होता. उभा म्हणजे अक्षरशः उभा, कारण स्टुलावर बसून गोळ्या मोजणारा फार्मासिस्ट त्याला आळशी वाटे. मिरजेहून निघताना आणलेल्या दोन गोष्टी त्याने इथेही जपल्या होत्या: सुरेख अक्षर आणि आपलंच खरं करण्याची खोड. अक्षराचं गिऱ्हाइकांना कौतुक होतं. खोडीचं नीलांबरीला अजिबात नव्हतं. पण ती मनुरेवाच्या एका दवाखान्यात नर्स होती, दिवसभर दुसऱ्यांचे हट्ट पुरवून घरी यायची, आणि नवऱ्याशी वाद घालण्याइतकं त्राण तिच्यात उरत नसे.

वाद घालायला त्याला डेल होल्ट होता.

डेल कांदे पिकवायचा. मूळचा अमेरिकेतल्या युटाचा. विसाव्या वर्षी पांढरा सदरा घालून, छातीवर नावाचा बिल्ला लावून तो धर्मप्रचाराला इथे आला आणि बेव नावाच्या एका मुलीच्या वडिलांचं दार त्याने ठोठावलं. त्या म्हाताऱ्याला धर्म काही पटला नाही, पण पाच वर्षांनी हा परत आला आणि त्याची पोरगी घेऊन गेला. फार लांब नाही नेली, म्हाताऱ्याच्याच कांद्याच्या शेतात राहिला. तेव्हापासून तीस-पस्तीस वर्षं तो त्या तांबड्या मातीत होता. उंच, हाडं मोठी, आवाज हळू, आणि डोक्यावर कायम रुंद काठाची गवती टोपी.

दुकानात तो पहिल्यांदा आला तो मातीचा आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या मागायला. सरकारचा माणूस फुकट माती तपासून देत असताना हा स्वतःच्या पैशाने पट्ट्या घेतो, घरी वही ठेवतो, खत ग्रॅमवर तोलतो, हे पाहून काशिनाथला हर्षच झाला. मोजणारा माणूस! दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं गोळ्या दोन घ्यायच्या की तीन हेही विसरायची. तेव्हापासून शनिवारी दुपारी दुकान बंद केलं की काशिनाथ डेलच्या शेडमध्ये. डेल चहा-कॉफीला शिवत नसे, त्याच्या धर्मात ते बसत नव्हतं, म्हणून नीलांबरी लिंबाच्या सरबताची बाटली देई. दोघे कांद्याच्या पेट्यांवर बसून पाऊस, भाव, क्रिकेट आणि परमेश्वर या विषयांवर भांडत. ती भांडणं गोड होती. डेल त्याला 'काश' म्हणे.

सरकारी माणसाला तो माती का तपासू देत नाही, हे डेलने एकदाच सांगितलं. तो शाळेत असताना शेजारच्या नेवाडात बाँबच्या चाचण्या चालत. त्यांच्या गावावर गुलाबी ढग येई आणि अंगणात राख पडे. हातात यंत्रं घेतलेली शास्त्रज्ञ मंडळी गाडीतून येत, अंगण मोजत आणि सांगत, धोका काही नाही. मेंढ्या मेल्या तेव्हाही म्हणाले, धोका नाही. त्याची धाकटी बहीण लोइस सतराव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेली. "ते चुकले असते तर मी माफ केलं असतं, काश," डेल म्हणाला. "त्यांना माहीत होतं."

मग ब्याण्णवच्या सुमारास युटाहून कॅसेटी येऊ लागल्या. डेलचा भाऊ तिथल्या रेडिओवरचा एक कार्यक्रम टेप करून पाठवायचा. कोणी एक वक्ता रोज तीन तास बोले आणि सगळ्यांची टर उडवी, वर्तमानपत्रांची, प्राध्यापकांची, निवडून आलेल्या सरकारची, शास्त्रज्ञांची. माणूस विनोदी होता, हे काशिनाथलाही कबूल करावं लागलं. पण दोन वर्षांत डेलच्या हळू आवाजात त्या वक्त्याची वाक्यं येऊ लागली. पूर्वी तो म्हणे, "मी मोजून बघेन." आता म्हणू लागला, "ते सगळे एकमेकांना मिळालेले आहेत."

आणि त्या वक्त्याचा लाडका विषय निघाला ओझोनच्या थराला पडलेलं भोक.

आता न्यूझीलंडमध्ये ओझोन हा काही गप्पांचा विषय नव्हता. उन्हाळ्यात रेडिओवर हवामानानंतर सांगत, आज कातडी भाजायला बारा मिनिटं. शाळेत नियम झाला होता, टोपी नसेल तर मैदान नाही. काशिनाथच्या काउंटरवर उन्हाच्या क्रीमचे ढीग लागले. कॅसेटीतला माणूस म्हणत होता की हे थोतांड आहे. शास्त्रज्ञांना अनुदानं हवीत आणि फ्रिजातल्या वायूने ओझोन विरतो असं सांगून सरकारला लोकांच्या घरातले फ्रिजसुद्धा आपल्या ताब्यात हवेत.

त्या उन्हाळ्यात डेलने टोपी काढली. तीस वर्षं घातलेली टोपी! टोपी उन्हासाठी होती तोवर ठीक होतं, पण ती शाळेने, रेडिओने, सरकारने घाला म्हटल्याबरोबर त्याला ती नको झाली. विरळ केसांचं ते डोकं तो भर दुपारी शेतात मिरवू लागला. आणि आमचा शहाणा काय करतो? ज्याने जन्मात कधी टोपी घातली नव्हती, ज्याच्या सावळ्या कातडीला या उन्हाने कधी लाल केलं नव्हतं, तो काशिनाथ ओगले दुकानातून एक भली थोरली टोपी विकत घेतो आणि फक्त शनिवारी दुपारी, फक्त डेलच्या शेडपर्यंत, ती घालून जातो. नीलांबरी म्हणाली, "अहो, कुणाला दाखवायला चाललात?" त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारची भांडणं आता गोड राहिली नव्हती.

"ते भोक आपल्या डोक्यावर आहे का?" डेल विचारी.

"नाही. ते दक्षिण ध्रुवावर. इथला थर उन्हाळ्यात थोडा पातळ होतो, एवढंच."

"किती?"

"दरवर्षी सारखा नसतो."

"म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही."

काशिनाथ खरं तेच सांगत होता आणि खरं सांगताना 'बहुधा', 'साधारण', 'अजून अभ्यास चालू आहे' असे शब्द येतातच. कॅसेटीत असले शब्द नव्हते. वर डेलने एकदा शांतपणे विचारलं, "ते क्रीम तू लावतोस?" काशिनाथ म्हणाला, माझ्या कातडीला तितकी गरज नाही. "पण विकतोस," डेल म्हणाला. त्याच्या मनात काही लागट नव्हतं, पण काशिनाथच्या ते असं जिव्हारी लागलं की दोन दिवस तो गिऱ्हाइकांवर खेकसत होता.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात ते घडलं. शेडमध्ये कांद्याची निवड चालू होती. शेजारची चार-पाच माणसं मदतीला होती, बेव होती. डेल पेटी उचलायला वाकला आणि काशिनाथला त्याच्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, तीळ दिसला. टोपी होती तोवर तो कधी दिसला नव्हता. काळाभोर, मसुराएवढा, आणि कड सरळ नाही, शाई टिपकागदावर पसरावी तशी. हा कातडीचा कॅन्सर असू शकतो हे फार्मासिस्टला त्या क्षणी कळलं.

नेमका तेव्हाच डेल ओझोनवरून काहीतरी बोलला होता आणि माणसं हसली होती. काशिनाथ मोठ्याने म्हणाला, "हसा, हसा! ओझोन थोतांड ना? मग याच्या मानेवर बघा काय उगवलंय. तुझ्या कॅसेटवाल्याला जाऊन दाखव!"

सगळे परत हसले. या वेळी डेलला.

डेलने मानेवर हात ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "हा तीळ माझ्या आजोबांनाही होता," तो म्हणाला आणि पेटी घेऊन बाहेर गेला.

त्यानंतर काशिनाथने जे केलं त्यात कसर नव्हती. तो दुसऱ्या दिवशी गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात गेला. कातडीच्या डॉक्टरचा नंबर सुरेख अक्षरात लिहून दिला. पुस्तिका दिल्या. नीलांबरीला बेवकडे पाठवलं. नीलांबरी घरी येऊन म्हणाली, "बेव रडली हो. म्हणते, मी डॉक्टरचं नाव काढलं की डेल म्हणतो, काशने पढवून पाठवलंय तुला." सोपी गोष्ट होती. दहा मिनिटांचं काम, थोडी कातडी कापायची आणि तपासायला पाठवायची. त्या दहा मिनिटांसाठी काशिनाथने दीड वर्ष घालवलं. शनिवारी सरबताची बाटली घेऊन तो जायचा, डेलच्या मानेकडे न बघायचं ठरवून बघायचा, आणि तीळ प्रत्येक वेळी थोडा मोठा असायचा. डेल हवेबद्दल बोले. विषय निघालाच तर म्हणे, "पुन्हा सुरू झालास?"

शहाण्णवच्या जूनमध्ये डेलच्या मानेत गाठ आली. मग तो गेला डॉक्टरकडे. तोवर ते यकृतात आणि फुप्फुसात पोचलं होतं. सर्जन म्हणाला, हे दोन वर्षांपूर्वी दाखवायला हवं होतं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

शेवटच्या दिवसांत काशिनाथ रोज जाई. डेलची ती मोठी हाडं आता नुसती हाडंच राहिली होती. दोघे पाऊस आणि कांद्याचा भाव यावर बोलत. आणि सांगायला लाज वाटते, पण खरं आहे: काशिनाथ एका वाक्याची वाट बघत होता. "तू म्हणत होतास ते बरोबर होतं, काश." मरणाऱ्या मित्राच्या उशाशी बसून त्याला ते हवं होतं. डेलने ते दिलं नाही. जानेवारीच्या एका सकाळी, खिडकीबाहेर कांद्याची पात पिवळी पडत असताना, तो गेला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये खाणं होतं. लोकांनी घरून ताटं भरून आणली होती. नीलांबरीने शंकरपाळे नेले होते. बेव काशिनाथला दाराशी घेऊन गेली.

"त्याला जायचं होतं डॉक्टरकडे," ती म्हणाली. "शेडमध्ये तू बोललास त्या दिवशी संध्याकाळी दोन आरसे धरून मान बघत होता. घाबरला होता. मी म्हटलं, सोमवारी जाऊ या. तर म्हणाला, आता गेलो तर काश जिंकला." तिने डोळे पुसले. "मी तुला दोष देत नाही. पण तू ते सगळ्यांसमोर कशाला म्हणालास, काश? एकट्याला गाठून नुसतं म्हणायचं होतंस, मानेवर तीळ आहे, दाखव. तो गेला असता."

काशिनाथने मान हलवली. त्याला रडूसुद्धा येईना. दोन वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की आपण मित्राला वाचवायला धडपडतोय. धडपडत होता, खोटं नाही. पण शेडमध्ये त्या दिवशी तो तीळ दिसल्यावर भीतीच्या आधी, पापणी लवायच्या आत, त्याला आनंद झाला होता. आता सापडलास, असं वाटलं होतं.

तेवढ्यात त्याला कर्टिस दिसला. डेलचा मुलगा, तिशीचा, सहा वर्षांपासून युटात काकांच्या धंद्यात होता. अंत्यविधीसाठी आला होता. तो अंगणात उन्हात खुर्च्यांची घडी करत होता, कोट काढून, डोकं उघडं. बापासारखी मान, आणि मानेच्या मागे, गळपट्टीच्या वर, काळा तीळ. कड सरळ नव्हती.

या वेळी काशिनाथने नीट केलं. अंगणात दुसरं कोणी नाही हे पाहिलं. त्याच्यासोबत चार खुर्च्या उचलल्या. मग हळू म्हणाला, "कर्टिस, तुझ्या मानेवर तीळ आहे. डॉक्टरला दाखव. बस, एवढंच."

कर्टिसने खुर्ची खाली ठेवली. तो रागावला नाही. "डॅडनी फोनवर तुमच्याबद्दल सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, काश चांगला माणूस आहे, पण माझ्या अंत्यविधीतही वाद घातल्याशिवाय राहायचा नाही."

"मी वाद घालत नाहीये."

"इट्स ओके, मिस्टर ओगले."

मग काशिनाथने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. "ऐक," तो म्हणाला. "तुझे वडील बरोबर होते. ओझोन, ऊन, टोप्या, सगळं थोतांड आहे. मी चूक होतो. मी हरलो. आत जाऊन सगळ्यांसमोर सांगतो पाहिजे तर. फक्त तो तीळ दाखव."

कर्टिसचे डोळे भरून आले. त्याने काशिनाथचा हात दोन्ही हातांत घेतला. "थँक यू," तो म्हणाला. "डॅडना हे ऐकायला मिळायला हवं होतं."

"म्हणजे दाखवशील?"

"आता कशाला?" कर्टिस खरोखरच गोंधळला. "उन्हात काही नसतं, तुम्हीच म्हणालात ना? काकांना सांगितलं तर विश्वास बसायचा नाही त्यांचा. न्यूझीलंडचा फार्मासिस्ट स्वतः कबूल करतो!"

काशिनाथने तोंड उघडलं. पण आता खरं सांगितलं तर तो पुन्हा वाद होणार होता, आणि खोटं तर सांगून झालं होतं. कर्टिसने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि तो आईला ही कबुली सांगायला आत गेला. हॉलच्या त्या टोकाला बेवने मुलाचं बोलणं ऐकलं, दारातून काशिनाथकडे पाहिलं आणि हात जोडल्यासारखे छातीशी धरून मनापासून त्याचे आभार मानले.