रशीदभाईंच्या खोक्यातला माझा सीडी रायटर

मंडळी, आज राजुऱ्यात रशीदभाईंच्या कम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात गेले होते. पंधरा वर्षांपूर्वी सोमीबाई नावाच्या एका गोंड बाईंनी मला जंगलातल्या झाडांची गोंडी नावं सांगितली होती, ती मी रेकॉर्ड करून सीडीवर उतरवली होती. त्या रेकॉर्डिंगच्या तिन्ही सीडी आता उघडत नव्हत्या. सोमीबाई गेल्या. उद्या त्यांची मुलगी आईचा आवाज ऐकायला येणार आहे.

रशीदभाईंनी सीडी पुसून दोन ड्राइव्हमध्ये लावून पाहिल्या. नाहीच. मग म्हणाले, "मॅडम, ह्या कोन्त्या मशीनवर बनवल्या होत्या? सीडी लिहिणारा जुना रायटर ड्राइव्ह कधी कधी आपलं लिहिलेलं आपणच वाचते."

तो कम्प्युटर मी केव्हाच भंगारात दिला होता. त्यांनाच.

ते आत जाऊन एक धुळकट खोका घेऊन आले. त्यात जुने ड्राइव्ह, प्रत्येकाला पट्टी चिकटवून मालकाचं नाव लिहिलेलं. माझंही होतं.

रशीदभाईंनी माझा ड्राइव्ह जोडून त्यात सीडी घातली. तिसऱ्या खेपेला सोमीबाई बोलू लागल्या. मोहाच्या झाडापासून सुरुवात.

"भाऊ, हा इतकी वर्षं काऊन ठेवला?"

"मशीन तुमी भंगारात दिली, सीडी तं घरीच असन ना. मंग कसा फेकू?"

एवढी वर्षं मला वाटायचं, हे रेकॉर्डिंग मी जपलंय. तुमच्या घरच्या जुन्या सीडी कोणाच्या भरवशावर आहेत?