न विचारता आणलेली अंडी

रविवारी सकाळी आमच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. बाहेर रांग, आत भांड्यांचा खणखणाट, त्यात आचाऱ्याची आरडाओरड. अशा गर्दीतही सात नंबरचं टेबल मी अठरा वर्षं एकाच माणसासाठी धरून ठेवत आले. कुलूपवाल्या काकांसाठी.

काकांचं कोपऱ्यावर किल्ल्या-कुलपांचं दुकान. आठवड्याचे सहा दिवस लोकांची अडकलेली दारं उघडायची आणि सातव्या दिवशी आमच्याकडे पोटभर नाश्ता करायचा, हा काकू गेल्यापासूनचा नेम. बोलणं मोजकं. बोटांवरचा तेलाचा काळा डाग कितीही धुतला तरी तसाच. काका टोपी काढून खुर्चीला अडकवेपर्यंत माझी प्लेट टेबलावर हजर: तीन अंड्यांचं हाफ फ्राय, परतलेले बटाटे, लोणी थापलेले चार टोस्ट. विचारायचं कामच नाही. त्याची मला केवढी ऐट!

मग ही नवी वेट्रेस आली. तिला पलीकडची टेबलं मिळाली. आणि एका रविवारी काका सात नंबरवरून सरळ पुढे गेले आणि तिच्या चौदा नंबरवर जाऊन बसले.

मला वाटलं, चुकले असतील, वय झालंय. पण पुढच्या रविवारीही तेच. वर ती नवी मुलगी मेनूकार्ड धरून उभी आणि काका चष्मा लावून ते वाचतायत! अठरा वर्षांत त्यांनी कार्डाला हात लावला नव्हता. ती काहीतरी म्हणाली आणि काका चक्क हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं काय आहे हिच्यात? धड चार कप एका हातात धरता येत नाहीत! त्या दिवशी मी दोन टेबलांच्या प्लेटा उलटसुलट केल्या आणि वर आचाऱ्यावरच खेकसले.

तिसऱ्या रविवारी नवीच्या ट्रेमध्ये दुधातल्या ओट्सची वाटी दिसली.

"हे कुणाचं?"

"काकांचं."

"त्यांना अंडी लागतात. तुला काय माहीत म्हणा."

"अहो ताई, डॉक्टरांनी त्यांची अंडी आणि लोणी तीन वर्षांपूर्वीच बंद केलंय."

मी हातातलं टाकून चौदा नंबर गाठला.

"काका, मला का नाही सांगितलंत?"

काका चमचा पुसत बसले. "तू इतक्या हौसेनं आणायचीस गं. नाही म्हणायला जीभ रेटेना. खायचो आणि घरी जाऊन गोळी घ्यायचो. मागच्या महिन्यात छातीत दुखलं, तेव्हा घाबरलो. मग टेबलच बदललं."

"आणि हिला बरं सांगितलंत!"

"हिनं विचारलं."

माझी सगळी ऐट तिथल्या तिथे उतरली. लाज वाटलीच. पण खरं सांगते, लाजेपेक्षा जळफळाट मोठा होता. मला अठरा वर्षांत कळलं नाही ते हिला एका सकाळीत कळलं होतं.

पुढच्या रविवारी मी ऑर्डरची वही उघडून दारातच उभी राहिले. काका आले, दोन्ही टेबलांच्या मध्ये घुटमळले.

"काका, आज काय आणू?"

त्यांनी एकदा चौदाकडे पाहिलं, एकदा माझ्या वहीकडे, आणि सातवर बसले. बराच वेळ विचार केला. "ओट्स आण. बघू कसे करता."

मी ते लिहून घेतलं. लक्षात राहिलं असतं, तरी लिहून घेतलं. वाटी आणून ठेवली. काकांनी दोन चमचे खाल्ले आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी झालंय गं नुसतं. आणि साखर किती ती!"

अठरा वर्षांतली पहिली तक्रार! मी वाटी उचलली आणि दुसरे ओट्स करून घ्यायला निघाले. जाताना मुद्दाम चौदा नंबरवरून गेले, नवीला वाटी दिसेल अशी.