सोबत कोण?

आमच्या शाळेच्या फाटकावर गुणी मुलांचे फलक लागतात. विज्ञान स्पर्धेत पहिला, वक्तृत्वात दुसरी. मागच्या वर्षी एक पोरगा बुद्धिबळात बारावा आला, त्याचाही लागला. वर हसरा चेहरा, खाली नाव, त्याखाली 'आम्हाला तुझा अभिमान आहे'. मूल पुढे शहरात शिकायला जातं, फलक उन्हानं पांढरा पडतो आणि मग कुणीतरी तो काढून नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकतं. सत्तावीस वर्षं मी इथे इंग्रजी शिकवतो, असे शेकडो चेहरे पाहिले. मनांग देलिंगचा चेहरा मात्र त्या फाटकावर कधी लागला नाही. मनांग म्हणजे मोठी ताई, सगळं गाव तिला असंच म्हणतं. तिचं काम कँटीनमध्ये, भाताच्या मोठ्या पातेल्यामागे. आणि वर्षातून एकदा व्यासपीठावर.

आमच्याकडे पदक शाळा घालत नाही, मुलाची आई नाहीतर बाप घालतो. नाव पुकारलं की मूल आणि पालक दोघांनी मिळून पायऱ्या चढायच्या, मुख्याध्यापिका सिस्टरांच्या हातून पदक घ्यायचं, मुलाच्या गळ्यात घालायचं आणि फोटोवाल्याकडे बघायचं. तो फोटो घरी येशूच्या तसबिरीशेजारी लागतो. आता गावातल्या निम्म्या आया कुवेतला, हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळतात आणि बाप बोटींवर. मग वर जायचं कुणी?

एकोणीस वर्षांपूर्वी मी असंच एका पोराचं नाव पुकारलं. पोरगा पायरीशी एकटाच उभा. मी पुन्हा पुकारलं. तो बुटांकडे बघत राहिला. सभागृहाच्या मागच्या दारातून मनांग देलिंग तरातरा आली, ॲप्रनसकट, हाताला सोया सॉसचा वास, आणि त्याचा दंड धरून वर चढली. पदक घातलं, फोटो काढून घेतला, परत जाऊन नूडल्स परतायला लागली. तेव्हाच्या सिस्टर नंतर तिच्यावर रागावल्या, पण ते ॲप्रनवरून. पुढच्या वर्षी तिनं एक निळा झगा शिवून घेतला.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. दरवर्षी एखादं, दुसरं, कधी तीन. गावातल्या तीसेक घरांच्या भिंतींवर तोच निळा झगा आहे. कौटुंबिक मेळाव्यात आईबरोबर पाय बांधून पळायची शर्यत असते, त्यात ती एकामागून एक चार मुलांबरोबर धावली आणि चारही वेळा पडली. तिला स्वतःचं मूल नाही. लग्न का केलं नाही याचं कारण ती दरवेळी वेगळं सांगते.

सगळ्यांना ते गोड वाटलं असं नाही. हाँगकाँगहून आलेल्या एका बाईनं फोटोतला मनांगचा चेहरा कात्रीनं कापला आणि तिथे स्वतःचा चिकटवला. मला ते कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मनांगला सांगितलं तर ती पोट धरून हसली.

"अहो सर, झगा माझाच राहिला की! बिचारीला माझी जाडी कंबर मिळाली."

पण त्या दिवशी तिनं भात करपवला, हेही मी पाहिलं. तिचा भात करपला की समजायचं, कुठेतरी लागलंय.

दुसऱ्यांदा करपला तो या फेब्रुवारीत. त्यामागे जेझरील होती.

जेझरील ताक्सागोन. मनांगच्या शेजारच्या घरातली. सात वर्षांची असताना आई लिलिबेथ कुवेतला गेली. बापानं दुसरीकडे संसार थाटला. आजी होती तोवर आजीनं पाहिलं, ती गेल्यावर एका मावशीचं नाव पालक म्हणून कागदावर राहिलं आणि पोरगी मनांगच्या चुलीपाशी. सकाळी कँटीनमध्ये ती कांदा चिरता चिरता पाढे म्हणायची. पुढे सूत्रं म्हणायला लागली. यंदा फाटकावर तिचे एकाच वेळी तीन फलक होते आणि बारावीत ती सगळ्या शाळेत पहिली आली.

पहिल्या आलेल्या मुलाचं नाव सर्वांत शेवटी पुकारतात आणि तेव्हा अख्खं सभागृह उभं राहतं. मनांग एकोणीस वर्षांत तिसऱ्या नंबरासाठी चढली, उत्तम वागणुकीसाठी चढली, एकदा तर फक्त रोज हजर राहिल्याबद्दलच्या पदकासाठी चढली. सगळे उभे असताना ती कधीच चढली नव्हती. तिला ते एकदा हवं होतं. तिनं तसं मला बोलूनही दाखवलं होतं, आणि जानेवारीतच निळ्या झग्याच्या शिवणी उसवून तो अंगात बसेलसा करून घेतला होता.

मग फेब्रुवारीत जेझरीलनं सांगितलं, आई येतेय. अकरा वर्षांनी, दोन महिन्यांच्या रजेवर, खास समारंभासाठी.

"अगं, बरंच झालं की!" मनांग म्हणाली. दुपारी भाताला धुराचा वास होता. आम्ही शिक्षक गुपचूप जेवलो.

समारंभाच्या आधी प्रत्येक मुलाला मी एक कार्ड देतो. नाव, पदक आणि शेवटच्या ओळीत 'सोबत कोण'. ते बघून मी पुकारतो. मला याची घमेंड आहे, लपवत नाही. स्पॅनिश अमलात कधीकाळी साहेबानं आमच्या गावाला आडनावांसाठी 'त' हे अक्षर नेमून दिलं. तुपास, तोरेंतो, ताक्सागोन, ताबुगा, सगळे 'त'. बाहेरचा माणूस दहा नावांत अडखळतो. मी सत्तावीस वर्षांत एकही नाव चुकलो नव्हतो.

सगळ्यांची कार्डं बुधवारी आली. जेझरीलचं आलं नाही.

"देते सर," ती म्हणाली. गुरुवारीही म्हणाली, देते सर. मी फार विचारलं नाही. ही पोरगी भल्याभल्या परीक्षकांना गप्प करते, आणि एक ओळ भरायला तिला तीन दिवस लागत होते.

गुरुवारी दहाच्या सुमाराला मी कँटीनमध्ये कॉफी घेत बसलो होतो, तेव्हा लिलिबेथ आली. चाळिशीची, बारीक, केस नुकतेच रंगवलेले. दारातच उभी राहिली.

"मनांग, थोडं विचारायचं होतं."

"मग दारात काय उभी? आत ये. खाल्लंस का?"

"खाल्लं." मग एकदम म्हणाली, "वर जाऊन करायचं काय असतं? कोणत्या बाजूनं चढायचं? मी कधी चढलेच नाही हो. तिकडे मॅडमच्या मुलांच्या समारंभाला गेले, पण मी त्यांची दप्तरं धरून मागे उभी असायचे."

मनांग लसूण सोलत राहिली.

"मॅडमचा धाकटा अंड्यातलं पिवळं खात नाही, ते मला माहीत आहे," लिलिबेथ म्हणाली. "जेझरील काय खात नाही, ते माहीत नाही. मी घरात आले की ती उठून उभी राहते. मला पाणी हवं का विचारते. पाहुण्याला विचारतात ना, तसं. मला भीती वाटते, मनांग. सगळ्यांसमोर माझा हात लागला आणि ती दचकली तर?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मनांगच्या मनात काय चाललं असेल ते तिचं तिला ठाऊक. तिनं हात पुसले, भिंतीवरची कँटीनची किल्ली काढली, लाल फितीला अडकवलेली, आणि लिलिबेथच्या हातात दिली.

"हे पदक. आणि सर, उठा. तुम्ही जेझरील."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे? उभे राहा. पोट आत घ्या, अठरा वर्षांची पोरगी आहात तुम्ही."

माझं वय एकोणसाठ. मी उभा राहिलो.

"डावीकडून चढायचं," मनांग सांगू लागली. "तिच्या डाव्या कानामागची बट कायम सुटलेली असते, किती पिना लावा. ती आधी मागे घ्यायची, मग फीत. नाहीतर अडकते आणि पोरगी ओरडते. फीत मानेला घासू द्यायची नाही, तिला गुदगुल्या होतात, हसायला लागते. मग कॉलर. दोनदा हात फिरवायचा. एकदा फिरवलास तर तिला चुकल्यासारखं होतं. आणि रडायचं ते फोटो झाल्यावर. नाहीतर भिंतीवर जन्मभर नाक लाल."

लिलिबेथनं माझ्या टकलावरची नसलेली बट मागे घेतली. किल्ली गळ्यात घातली. कॉलरवरून एकदा हात फिरवला.

"दोनदा!" मनांग खेकसली.

तीन वेळा केलं तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. लिलिबेथ गेल्यावर मी किल्ली काढून परत टांगली आणि म्हणालो, "मनांग, तुम्ही तुमच्याच हातानं सगळं देऊन टाकलंत."

"कार्यक्रमाला तीनशे लोक जेवणार आहेत, सर. कॉफी संपवा आणि निघा."

शुक्रवारी दुपारी चारला समारंभ. एप्रिलचं ऊन, पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी जेझरीलनं मला कार्ड दिलं आणि पळाली. मी ते न बघताच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं, कारण तिचं नाव शेवटी. लिलिबेथ पहिल्या रांगेत पिवळ्या झग्यात बसली होती, पायरीपासून दोन पावलांवर. मनांग मागच्या दारात ॲप्रन बांधून, हातात डाव घेऊन उभी. निळा झगा शिवल्यापासून पहिल्यांदाच तिनं तो घातला नव्हता.

एकेक नाव झालं. टाळ्या, फोटो. शेवटचं कार्ड हातात आलं. मी म्हणालो, "आणि आता सर्वोच्च पदक. जेझरील ताक्सागोन!" लोक उठले. खुर्च्या सरकल्या. लिलिबेथ पायरीकडे निघाली. "सोबत..." मी खाली पाहिलं.

कार्डावर नाव नव्हतं. 'सोबत कोण' पुढे एकच शब्द लिहिला होता. आई.

मी वाचलं, "सोबत तिची आई," आणि नाव तर घ्यायलाच हवं होतं, ते जिभेनं आपणहून घेतलं. "अदेलिना तुपास."

मनांग देलिंगचं कागदावरचं नाव.

ध्वनिक्षेपकावरून ते गावाच्या बाजारापर्यंत गेलं असणार. टाळ्या थांबल्या. लिलिबेथचा एक पाय पायरीवर होता, तो तिथेच राहिला. तिनं मागे वळून पाहिलं. जेझरील सरळ समोर बघत होती, तिचे कान लाल झाले होते. सत्तावीस वर्षांत एक चूक, आणि ती या बाईच्या वाट्याला.

मग मागच्या दारातून आवाज आला, भर बाजारात मासेवाली ओरडते तसा.

"अहो सर! चष्मा लावा चष्मा! गावात सगळेच 'त', म्हणून काय स्वयंपाकिणीला वर चढवता? माझी कढई करपतेय इथे!"

सभागृहात हशा पिकला. सिस्टरसुद्धा हसल्या. लिलिबेथ हसली, रडू आवरत हसली, आणि मी घाईघाईनं म्हणालो, "क्षमा असावी, लिलिबेथ ताक्सागोन!" माझा चष्मा माझ्या नाकावरच होता.

ती डावीकडून चढली. पदक घेतलं. जेझरीलनं मान खाली केली. लिलिबेथनं आधी डाव्या कानामागची बट मागे घेतली, मग फीत घातली, जपून, मानेला न घासता. कॉलरवरून हात फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला.

जेझरीलनं झटकन वर पाहिलं, आईच्या तोंडाकडे. मग नजर सभागृहावरून थेट मागच्या दाराकडे गेली. फोटोवाला "इकडे, इकडे" करत होता आणि दोघींपैकी एकीचंही लक्ष नव्हतं. लिलिबेथ तर फोटोच्या आधीच रडली. त्यांच्या भिंतीवर आता लाल नाक आहे.

जेवणं सुरू झाल्यावर मी कँटीनमध्ये गेलो. मनांग पातेलं घासत होती. बायका वाढत होत्या, तिला बाहेर यायचं नव्हतं.

"मनांग, मला माफ करा. मी..."

"चुकलात कसे?" तिनं मान वर केली नाही. "तुम्ही कधी चुकत नाही. काय लिहिलं होतं कार्डावर? लिलिबेथ ना?"

खोटं बोलावंसं वाटलं. लिलिबेथचं नाव होतं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मी शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"नाव नाही?"

"नाव नाही."

"मग तिच्या मनात कोण होतं?"

"मी विचारलं नाही, मनांग. तुम्ही विचारा हवं तर."

ती बराच वेळ पातेल्याच्या एकाच जागी काथ्या फिरवत राहिली. बाहेर लिलिबेथचा आवाज येत होता, कुणालातरी विचारत होती, जेझरीलला कोलंबी चालते का. मनांगनं आतूनच ओरडून सांगितलं, "नाही चालत! अंगावर उठते तिच्या!"

मग माझ्याकडे वळली आणि ॲप्रनच्या खिशाकडे हनुवटी केली.

"कशाला विचारायचं," ती म्हणाली. "माझे हात ओले आहेत. ठेवा ते इथे."